नागाव, पण कुठलं?

गेल्या महिन्यात पहाटे तीनला पुण्याहून गाडी काढली. मामी गेली होती आणि सकाळी आठला रक्षाविसर्जन होतं. गाव नागाव-निमणी, तालुका तासगाव. लहानपणी दर मे महिन्यात एसटीनं जायचो, पण आता पंधरा वर्षं झाली. मामा फोनवर म्हणाला होता, "तासगावात गणपतीच्या गोपुरापाशी थांब आणि फोन कर, कुणालातरी धाडतो." म्हटलं, कशाला त्यांना त्रास? फोनवर नकाशा आहे की!

फोन गाडीच्या स्क्रीनला जोडला. चालत्या गाडीत टाईप करता येत नाही, म्हणून मोठ्यानं "नागाव, तासगाव" असं बोललो. यादी आली. दोन ओळी, दोन्हींत "नागाव" आणि पुढे तीन टिंबं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

पावणेआठला "आपण पोहोचला आहात" असं ऐकू आलं. पण ना ओळखीचं देऊळ, ना ओळखीचा रस्ता. पारावर एक आजोबा बसले होते.

"कुणाच्यात जायाचं?"

मामाचं नाव सांगितलं.

"ह्ये कवठ्याचं नागाव. तुमास्नी निमणीचं पायजे."

पोचलो तेव्हा सगळे परत निघाले होते. मामा "चहा घे" एवढंच म्हणाला.

परतताना आधी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या (हा आमचा धंदाच आहे, त्यामुळे त्या स्वतःलाही बसतात). मग विचार करत गेलो. एका नावाची दोन गावं ही अडचण काही आजची नाही. आपल्याकडे ती शेकडो वर्षांपूर्वी सोडवलेली आहे, आणि तीही नावातच!

तासगाव तालुक्यात नागाव-कवठे आहे आणि नागाव-निमणी आहे. म्हणजे शेजारच्या गावाचं नाव जोडून ओळख पक्की केली. खुद्द कवठ्याचंही तेच. तासगाव-सांगली रस्त्यावरचं ते कवठे-एकंद, आणि दुसरीकडे तालुक्याचं गाव ते कवठे-महांकाळ. बुद्रुक आणि खुर्द तर महाराष्ट्रभर आहेत. हे शब्द फारसीतले, बुजुर्ग म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे लहान. सुलतानांच्या काळात दरबारी कारभार फारसीत चाले, तिथून ते आले. सारावसुली करायची तर कुठल्या वडगावचा सारा आला आणि कुठल्याचा थकला हे कळायला नको? जुन्या कागदांत गावाच्या नावाआधी मौजे किंवा कसबे, आणि पुढे तर्फ, परगणे असं सगळं येतं. आमच्या भाषेत ही सरळ नेमस्पेस झाली.

हाच प्रश्न स्वतंत्र भारताच्या टपाल खात्यापुढेही आला. सारख्या नावांची गावं, त्यात पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत. त्यावर पिनकोडची योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं. ते केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतचे पंडितही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन पोस्टाचे. तासगावचा ४१६३१२. सहा आकडे लिहिले की पत्र कुठल्या तासगावला जायचं हा प्रश्नच मिटला.

आता गाडीतल्या नकाशाकडे बघू. होंडानं १९८१ मध्ये जपानमध्ये गाडीत बसवायचा मार्गदर्शक आणला, तो जायरोस्कोपवर चालायचा आणि नकाशे पारदर्शक फिल्मवर छापलेले असायचे. १९८५ मध्ये अमेरिकेत 'ईटॅक' आला, त्याचे नकाशे चक्क कॅसेटवर! या दोघांची सगळी धडपड एकाच प्रश्नाशी होती : गाडी आत्ता कुठे आहे? तो प्रश्न उपग्रहांनी सोडवला. मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि साधारण शंभर मीटरची अचूकता वीसेक मीटरच्या आत आली.

म्हणजे "मी कुठे आहे" हे उत्तम सुटलं. "मला कुठे जायचंय" हे मात्र अजूनही नावावरच अवलंबून आहे. आणि ते नाव कापलं जातं.

का कापलं जातं? यामागे मूर्खपणा नाही, हेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा संस्थेनं २०१३ मध्ये गाडीतल्या स्क्रीनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एका वेळी नजर रस्त्यावरून दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये, आणि एक काम एकूण बारा सेकंदांच्या नजरेत व्हावं. म्हणून मोठी अक्षरं, थोड्या ओळी, टायपिंग बंद. हेतू चांगलाच आहे. पण जिथे घराला नंबर आणि रस्त्याला नाव असतं तिथे पत्त्याची सुरुवात वाचली तरी बरंचसं काम होतं. आपल्या गावांच्या नावात नेमकी ओळख शेवटी असते. निमणी, कवठे, एकंद, महांकाळ, बुद्रुक, खुर्द. नाव शेवटून कापलं की शेकडो वर्षांची व्यवस्था तीन टिंबांत जाते.

एक ओळ कमी दाखवा, पण नाव पूर्ण दाखवा. एवढंच करायला हवंय. असले स्क्रीन आपल्यातलेच कुणीतरी बनवतात, म्हणून लिहितोय. टेस्ट डेटामध्ये एक नागाव-निमणी घालून बघा.

तेराव्याला परत गेलो. या वेळी तासगावात गोपुरापाशी गाडी थांबवली आणि मामाला फोन केला. मामेभाऊ मोटरसायकलवर आला आणि पुढे निघाला. मी स्क्रीन बंद करून त्याच्या मागोमाग गेलो.