धुळ्याच्या तुरुंगातले अठरा रविवार

‘गीता प्रवचने’ हे पुस्तक अनेक मराठी घरांत आजी-आजोबांच्या कपाटात सापडते. साधी बांधणी, स्वस्त किंमत, आणि पहिल्या पानावर कुणीतरी कुणाला तरी दिल्याची नोंद. देवघराशेजारी ठेवलेले असल्यामुळे आपण ते धार्मिक पुस्तक समजतो आणि इतिहासाच्या कप्प्यात त्याचा विचारच करीत नाही. वस्तुतः त्यातला शब्द न् शब्द ब्रिटिश सरकारच्या तुरुंगात उच्चारला गेला आहे. तो तुरुंग खानदेशातला, वर्ष 1932, बोलणारे विनोबा भावे आणि लिहून घेणारे साने गुरुजी. आजचा धागा त्या अठरा रविवारांविषयी आहे. थोडा लांब झाला आहे, सवडीने वाचावा.

आधी काळ समजून घेऊ. दुसरी गोलमेज परिषद निष्फळ ठरली आणि 28 डिसेंबर 1931 रोजी गांधीजी मुंबईत उतरले. आठवडा उलटतो न उलटतो तोच, 4 जानेवारी 1932 रोजी, त्यांना अटक होऊन त्यांची रवानगी येरवड्याला झाली. व्हाइसरॉय विलिंग्डन यांनी या वेळी चळवळ मुळातच चिरडण्याचे ठरविले होते. देशभर धरपकड झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले तुरुंग भरून गेले. धुळ्याच्या तुरुंगातही शेकडो सत्याग्रही येऊन पडले. विनोबा, जमनालाल बजाज, साने गुरुजी त्यांत होते. पुढे दोनदा देशाचे हंगामी पंतप्रधान झालेले गुलझारीलाल नंदाही होते.

तुरुंगात माणसाला पहिल्यांदा काय छळते? मारहाण, निकृष्ट अन्न, घरची काळजी हे सारे आहेच. पण आठवणी लिहून ठेवणाऱ्या बहुतेक राजबंद्यांनी ज्याची तक्रार केली आहे तो शत्रू निराळा आहे: रिकामा वेळ. सकाळ होते, भिंत तीच. संध्याकाळ होते, भिंत तीच. त्यातून मन कुढू लागते, मग शरीर ढासळते, मग बराकीत क्षुल्लक कारणांवरून भांडणे सुरू होतात. 1932 च्या धुळ्यात आणखी एक अडचण होती. राजकीय कैद्याने सरकारचे काम का करावे, असा एक रास्त वाटणारा बाणेदारपणा त्या काळी प्रचलित होता. काम नाकारणे हाही लढ्याचाच भाग मानला जाई.

विनोबांनी या बाणेदारपणालाच हात घातला. जो जेवतो त्याने श्रम केले पाहिजेत, मग तो आश्रमात असो की तुरुंगात, हे त्यांचे म्हणणे. ते स्वतः जात्यावर बसले. हळूहळू इतर कैदीही दळू लागले, स्वयंपाकघराची जबाबदारीही राजबंद्यांनी उचलली. सरकारपुढे ही माघार झाली असे काहींना वाटले असणे शक्य आहे. मला मात्र यात विलक्षण व्यवहारज्ञान दिसते. दळण दळणाऱ्या माणसाला भूक लागते, झोप लागते, आणि दोन तासांच्या घामानंतर कुढत बसण्याची ताकद फारशी उरत नाही.

हा मार्ग विनोबांना पोथीत सापडला नव्हता. 1916 च्या जूनमध्ये एकविसाव्या वर्षी ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले तेव्हा त्यांची प्रकृती अगदी किरकोळ होती. पुढच्याच वर्षी प्रकृती सुधारण्यासाठी आणि शास्त्राध्ययनासाठी एक वर्षाची रजा घेऊन ते वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे गेले. त्या वर्षाचा हिशेब त्यांनी गांधीजींना पत्राने कळविला. उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे यांच्या अभ्यासाबरोबर त्यात रोजचे 300 सूर्यनमस्कार आहेत, मैलोगणती चालणे आहे आणि जात्यावरचे दळणही आहे. वेदान्ताचा विद्यार्थी आपल्या गुरूला जात्याचा हिशेब देतो, ही गोष्ट त्या काळच्या शास्त्रीमंडळींना चमत्कारिकच वाटली असती.

धुळे शहराला मात्र ती तितकीशी परकी वाटली नसती. तुरुंगाच्या भिंतीबाहेर, याच गावात, वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 पासून सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे समर्थ रामदासांचे वाङ्मय गोळा करण्यात आयुष्य वेचले होते. मारुतीच्या देवळाला तालमीची जोड देणारी परंपरा ती. इतिहासाचार्य राजवाडे यांनीही अखेरचा श्वास 1926 मध्ये याच गावात घेतला. पांझरेकाठच्या या गावात जुन्या पोथ्यांचा आणि व्यायामाचा असा संगम आधीपासूनच होता. असो, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

आता त्या रविवारांकडे वळू. सहबंद्यांच्या आग्रहावरून विनोबांनी 21 फेब्रुवारी 1932 रोजी गीतेच्या पहिल्या अध्यायावर पहिले प्रवचन केले. त्यानंतर दर रविवारी एक अध्याय. 19 जूनला अठरावा अध्याय पुरा झाला. पंचांग काढून मोजून पाहा: सलग अठरा रविवार, एकही खाडा नाही. खानदेशचा उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांना एप्रिल-मे महिन्यांतली बराक कशी तापत असेल हे वेगळे सांगायला नको. श्रोत्यांत व्यापारी होते, कार्यकर्ते होते, शेतकरी होते. स्त्री-कैद्यांनाही प्रवचने ऐकण्याची मुभा मिळाली. अशा मिश्र श्रोत्यांपुढे शांकरभाष्याची चिरफाड करून चालणार नव्हते. म्हणूनच या प्रवचनांतले दृष्टान्त शेतातले आहेत, स्वयंपाकघरातले आहेत, आई-मुलाच्या नात्यातले आहेत.

सर्वांत विलक्षण वाटते ते 12 जूनचे, सतराव्या अध्यायावरचे प्रवचन. त्याच्या आरंभीच विनोबा असे सांगतात की वागणे बांधलेले असेल तरच वृत्ती मोकळी आणि प्रसन्न राहते. दृष्टान्त फिरायला जाण्याचा आहे. रोज फिरण्याची वाट ठरलेली असली म्हणजे पाय आपोआप चालतात आणि मन झाडे, आकाश, उगवता सूर्य यांकडे लावता येते. रोज नवी वाट शोधायची म्हटले की सगळे लक्ष वाटेतच खर्ची पडते. सूर्याचा नेम ठरलेला आहे, नदीलाही दोन काठ आहेत.

हे वाचताना एक क्षण थांबावे. ऐकणारी माणसे कोण आहेत? ज्यांच्या फिरण्याची वाट तुरुंगाधिकाऱ्याने आखून दिली आहे, ज्यांच्या उठण्या-झोपण्याची घंटा दुसराच कुणी वाजवतो आहे, ती. अशा लोकांना बंधनाचे गुण सांगणे ही क्रूर थट्टा ठरू शकली असती. ती ठरली नाही, कारण सांगणारा त्याच कोंडवाड्यात होता आणि लादलेल्या शिस्तीच्या आत त्याने स्वतःची शिस्त उभी केली होती. घंटा सरकारची असली तरी त्या वेळात काय करायचे ते त्याचे स्वतःचे होते. तुरुंगाला आश्रम म्हणणे हा विनोबांच्या बाबतीत भाषेचा अलंकार नव्हता. ते खरोखरच तसे राहत.

त्याच प्रवचनात पुढे जीवनाचा एक आराखडा येतो, आणि माझ्या मते साऱ्या पुस्तकाचा कणा तिथे आहे. माणूस जन्मतो तो तीन संस्था सोबत घेऊनच: शरीर, समाज आणि सृष्टी. या तिन्हींना आपण रोज वापरतो, आणि वापराने त्या झिजतात. सृष्टीची झीज भरून काढणे म्हणजे यज्ञ, समाजाचे ऋण फेडणे म्हणजे दान, आणि शरीराची, त्यासोबत मन, बुद्धी, इंद्रिये यांची शुद्धी करणे म्हणजे तप. यज्ञ म्हटला की आपल्यापुढे तूप आणि समिधा उभ्या राहतात. विनोबांच्या यज्ञात जमिनीला खत देणे येते, विहिरीभोवतीची घाण दूर करणे येते, सूत कातणे येते. तपाचेही तसेच. शरीर सुकवणारे तप त्यांना अभिप्रेत नाही. सहाव्या अध्यायावर बोलताना आहार, निद्रा, वाणी या साऱ्यांत माप राखण्यावर त्यांचा भर आहे, आणि चौदाव्या अध्यायात तमोगुण जिंकण्याचा उपाय म्हणून ते थेट शरीरश्रम सांगतात. आळसावर प्रार्थनेचा उतारा त्यांनी सांगितलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ही सारी प्रवचने आपल्यापर्यंत पोचली ती एका माणसाच्या हातामुळे. साने गुरुजींना लघुलेखन येत नव्हते. विनोबा बोलत जात आणि गुरुजी साध्या लिपीत भराभर उतरवून घेत. तरीही लेखन इतके नेमके उतरले की वाचताना कुणीतरी समोर बसून बोलत असल्याचा भास होतो. लिहून घेणाऱ्याने स्वतःला किती पुसून टाकले आहे, हे पाहायचे असेल तर ‘श्यामची आई’ शेजारी ठेवून वाचावी. फेब्रुवारी 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, गुरुजींनी ती अवघ्या पाच दिवसांत लिहिली. तिथे पानोपानी अश्रू आहेत. धुळ्याच्या वह्यांत त्यांचा एक थेंबही पडलेला दिसत नाही.

आणि तरी दोघांना जोडणारा एक धागा होता: आई. विनोबांच्या आई रुक्मिणीबाई यांना संस्कृत गीता कळत नव्हती आणि तिचे जुने मराठी अनुवादही अवघड जात. मग तूच सोपी का करीत नाहीस, असे त्यांनी मुलाला विचारले होते. त्या 1918 मध्ये गेल्या. मुलाने त्यांच्या इच्छेचे ‘गीताई’ केले ते 1930-31 मध्ये, आणि 1932 मध्ये, प्रवचने चालू होती त्याच वर्षी, ते पुस्तक प्रसिद्ध झाले. साने गुरुजींच्या आई 1917 मध्ये गेल्या होत्या. एका मुलाने आईसाठी गीता लिहिली, दुसऱ्याने आईवरच पुस्तक लिहिले.

गुरुजी खानदेशात आले ते तत्त्वज्ञान शिकायला. अमळनेरला प्रतापशेठ यांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले होते. तिथे ते काही काळ राहिले. पण त्या शांत वास्तूत त्यांचे मन रमले नाही आणि 1924 मध्ये ते गावातल्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, त्यांच्यासाठी हाताने लिहून रोजचे ‘छात्रालय दैनिक’ काढणे हा त्यांचा दिनक्रम होता. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. दुसऱ्याची झीज भरून काढण्यात त्यांच्याइतका तत्पर माणूस मिळणे कठीण. स्वतःची झीज भरून काढण्याचे मात्र त्यांना कधी साधले नाही. खाणेपिणे, विश्रांती यांची हेळसांड आणि दुसऱ्याचे दुःख थेट अंगावर घेणारा स्वभाव, असे ते आयुष्य होते.

विनोबांनाही शरीराने एकदा इशारा दिला होता. 1938 मध्ये त्यांचे वजन 88 पौंडांपर्यंत उतरले. गांधीजींनी हवापालट करण्यास सांगितले, तेव्हा विनोबांनी वर्ध्याजवळचे पवनार निवडले. 7 मार्चला धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या साऱ्या कामांचा आणि काळज्यांचा त्याग केल्याचे संस्कृतात उच्चारले आणि रोज थोडे थोडे खणायला सुरुवात केली. आधी काही मिनिटे, मग वाढवत वाढवत तासभर, दोन तास. वजन वाढले, प्रकृती सुधारली. मे-जूनमध्ये बराकीत जे सांगितले होते, ते सहा वर्षांनी त्यांनी स्वतःवर असे लागू केले.

11 जून 1950 रोजी साने गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपवले. प्रवचने तर त्यांनी अक्षरशः उतरवून घेतली होती, मग असे का झाले, असा प्रश्न अनेकांनी केला आहे. या प्रश्नात एक अन्याय दडलेला आहे असे मला वाटते. ज्ञान ऐकले की दुःख सरते, हे गीतेनेही सांगितलेले नाही. अठरा अध्याय ऐकल्यावरही अर्जुनापुढे युद्ध शिल्लक होतेच. गुरुजींच्या मनावर 1948 च्या गांधीहत्येचा झालेला आघात, स्वातंत्र्यानंतरची निराशा आणि वर्षानुवर्षांचा थकवा हे सारे एका वहीने उतरण्याजोगे नव्हते. ज्या माणसाने इतक्या मुलांना हसवले त्याच्या शेवटाला अपयश म्हणण्याची घाई इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी करू नये.

त्यांच्या एका कामाची मात्र नोंद इथे हवी. 1947 च्या मे महिन्यात गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले. विठ्ठलाच्या मंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा ही मागणी. दहा दिवसांनी ती मान्य झाली.

अकरा वर्षांनी, 1958 च्या मे महिन्यात, भूदानासाठी गावोगाव पायी हिंडत विनोबा पंढरपूरला पोचले. हिंदूंखेरीज अन्य धर्मांचे सहकारी सोबत असतील तरच आपण आत येऊ, अशी त्यांची भूमिका होती. देवस्थानाने त्यांना सर्वांसह बोलावले. मुसलमान आणि ख्रिस्ती सहकाऱ्यांसोबत ते गाभाऱ्यात गेले, विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवले, आणि धुळ्याच्या तुरुंगात अठरा रविवार संथ, समतोल स्वरात बोलणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या.