फैजपूर, डिसेंबर १९३६

डिसेंबर १९३६ चा शेवटचा आठवडा. चोपड्यात पहाटेची थंडी झोंबते आहे. घोंगडी लपेटून तुम्ही बैलगाडीत बसता. शिदोरीला कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. अडावद, धानोरा, किनगाव करत गाडी यावलकडे चालली आहे. डाव्या हाताला सातपुडा, उजवीकडे कपाशी. जागतिक मंदीनं शेतमालाचे भाव पाडले, सावकाराचं व्याज काही उतरलं नाही. याच मंदीनं जर्मनीत लाखोंना बेकार केलं आणि १९३३ मध्ये हिटलरला सत्तेची वाट मोकळी करून दिली. तुम्हाला हे ठाऊक आहे, गाडीवानाला नाही.

यावल मागं पडतं. पुढं फैजपूर. खेड्यात भरणारं काँग्रेसचं हे पहिलंच अधिवेशन. साने गुरुजींनी गावोगाव हिंडून त्यासाठी माणसं उभी केली आहेत. अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगरच्या दारात थांबा, कमानीवरून हात फिरवा. बांबू, चटया, गवत. खेड्यात मिळतं तेच. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या आग्रहावरून हे नगर सजवलं आहे. तीनच महिन्यांपूर्वी न्यूरेंबर्गच्या नाझी मेळाव्यात हिटलरचा वास्तुविशारद स्पेअर यानं हजारो फूट उंच प्रकाशझोतांच्या भिंती उभ्या केल्या होत्या. त्यांच्यापुढं रांगेतला माणूस मुंगीएवढा दिसावा, हाच त्यामागचा बेत. इथल्या कमानीखाली शेतकऱ्याला खाली मान घालावी लागत नाही. असली कमान तो स्वतःही बांधू शकतो.

गर्दीत धुळीनं माखलेले पाय दिसतात. मनमाडहून सुमारे २०० मैल चालत आलेल्या किसान मोर्चातले हे लोक. किसान सभेचं अधिवेशनही इथंच आहे, अध्यक्ष एन. जी. रंगा. तिकडे क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय. महिन्याभरापूर्वीच तुरुंगातून सुटलेले. मॉस्को, बर्लिन, तिथली क्रांतीची स्वप्नं आणि भाऊबंदकी, सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं.

काँग्रेसचे अध्यक्ष नेहरू बोलायला उभे राहतात. शेतसारा, कर्ज, स्वराज्य. आणि मग अबिसिनिया, स्पेन, फॅसिझम. शेजारचा म्हातारा हळूच विचारतो, "भाऊ, हाई स्पेन कोठे शे?" काय सांगाल? तिथंही जमीन थोड्यांची आणि घाम सगळ्यांचा, लोकांनी निवडलेल्या सरकारावर सेनापती उलटले आहेत आणि त्यांना हिटलर-मुसोलिनी विमानं पुरवताहेत, एवढं सांगितलं तरी त्याला पुरतं. तो मान डोलावतो.

पण सावध राहा. अध्यक्षांसाठी नंदलालबाबूंनी सजवलेला रथ बैलांच्या सहा जोड्यांनी ओढला, तेव्हा जयजयकार करणाऱ्यांत तुम्हीही होता. साधा असला तरी तो रथच. गर्दी, मिरवणूक, एकाच माणसावर खिळलेल्या हजारो नजरा, हे सगळं युरोपातही आहे.

इथला आणि तिथला फरक कळायला आणखी वर्षभर थांबावं लागेल. नोव्हेंबर १९३७ च्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'चाणक्य' नावाचा कुणीतरी इशारा देईल: नेहरूंना डोक्यावर घेऊ नका, हा माणूस थोडा वळला तरी हुकूमशहा होऊ शकतो. हा चाणक्य म्हणजे खुद्द नेहरूच. म्युनिकला किंवा रोमला असा लेख लिहिणाऱ्याची जागा तुरुंगात होती. इथं नेत्यानंच स्वतःवर संशय घेतला. तसा तो घेणारा नेता दरवेळी मिळेल, या भरवशावर मात्र राहू नका. ते काम जयजयकार करणाऱ्यांचं आहे.