सिंधुदुर्ग आणि आमची चिकोडी

निपाणीहून राधानगरी व फोंडाघाट मार्गे अथवा बेळगावहून आंबोली उतरून मालवणास जाणारे आपल्या भागातील प्रवासी पुष्कळ आहेत. कुरटे बेटावर होडीने उतरून ते सिंधुदुर्ग पाहतात व संध्याकाळी परततात. या किल्ल्याच्या इतिहासात आपल्या भूमीचाही वाटा आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्याचे पूजन करून २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी किल्ल्याचा पाया घातला. १६६७ मध्ये काम पुरे झाले. निसर्गाने येथे दोन देणग्या दिल्या आहेत. पहिली, भोवतालचे पाण्याखालील खडक. त्यांमुळे शत्रूची मोठी जहाजे जवळ येण्यास धजत नसत. दुसरी, खाऱ्या समुद्रातील गोडे पाणी. दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरी आवर्जून पाहाव्यात. सुमारे तीन किलोमीटरचा नागमोडी तट बेटाच्या कडेकडेने फिरतो, तर महाद्वार जवळ जाईपर्यंत दृष्टीस पडत नाही. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये उभारलेले शिवराजेश्वर मंदिर व महाराजांच्या हातापायांचे म्हणून जपलेले चुन्यातील ठसे आजही तेथे आहेत.

आता आपल्या भागाकडे वळू. १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. पण पुढच्याच वर्षी तो करवीरकरांना परत मिळाला. पुढे चिकोडी व मनोळी या प्रांतांवरून करवीरकर आणि पेशव्यांच्या बाजूचे निपाणीकर सिद्धोजीराव निंबाळकर यांच्यात झगडा पेटला. कोल्हापूर जेरीस आले. मालवणच्या चाच्यांचा उपद्रव मोडू पाहणाऱ्या इंग्रजांनी ही संधी साधली. १८१२ च्या तहाने करवीरकरांनी मालवण बंदर सिंधुदुर्गासह इंग्रजांना दिले, चिकोडी-मनोळीवरील हक्क सोडला आणि त्या बदल्यात संरक्षण मिळवले. पेशवाईच्या अखेरीस ते दोन्ही प्रांत करवीरकरांना परत मिळाले खरे, पण १८२९ मध्ये इंग्रजांनी ते पुन्हा काढून घेतले. किल्ला मात्र परतला नाही.

घाटावरच्या भाऊबंदकीची किंमत समुद्रातल्या किल्ल्याने मोजली, असे आम्हांस वाटते. एका तहात गोवलेली ही दोन ठिकाणे १९५६ पासून दोन राज्यांत आहेत. २०२५ मध्ये सिंधुदुर्गाचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. त्याचा आनंद मानताना, त्या तटावर उभे राहून आपल्या चिकोडीचीही आठवण ठेवावी, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे.