राजदूतांच्या पायांशीं पडलेली कवटी

मृत्यूचें स्मरण राहावें म्हणून चित्रांत कवटी काढण्याची चाल युरोपांत जुनी आहे. उघड्या पोथीपाशीं, विझत्या मेणबत्तीपाशीं ती इतक्या वेळां भेटते, कीं पाहणारा मान डोलावून पुढें जातो. आपल्याकडील स्मशानवैराग्याचीच ही गत होय. हान्स होल्बाइन या जर्मन चित्रकारानें १५३३ सालीं लंडन येथें काढलेल्या 'राजदूत' या चित्रांतील कवटी मात्र अशी स्वस्तांत सुटूं देत नाहीं.

सुमारें दोन मीटर लांबरुंद अशा या चित्रांत दोन फ्रेंच पुरुष उभे आहेत. एक एकोणतीस वर्षांचा, दुसरा पंचवीस. मधल्या मांडणीवर खगोल, पृथ्वीगोल, सूर्यघड्याळें, गणिताचें पुस्तक आणि तार तुटलेलें एक तंतुवाद्य आहे. विद्या, वैभव, तारुण्य, कशाचीच वाण नाहीं. परंतु त्यांच्या पायांशीं एक लांबट, फिकट डाग तिरपा पसरला आहे. समोरून त्याचा अर्थच लागत नाहीं. चित्राच्या उजव्या कडेशीं जाऊन तिरपें पाहावें, तों त्याची कवटी होते. आणि त्याच क्षणीं राजदूत व त्यांचें सारें वैभव वेडेंवांकडें होतें. दोन्ही एका जागेवरून नीट दिसत नाहींत.

हें भाकीत खरें ठरण्यास फार काळ लागला नाहीं. धाकटा १५४१ सालीं वारला, खुद्द होल्बाइन १५४३ सालीं आणि थोरला १५५५ सालीं. पुढें त्यांचीं नांवेंही विसरलीं गेलीं. १८९० सालीं लंडनच्या नॅशनल गॅलरीनें चित्र विकत घेतलें, तेव्हां हे पुरुष कोण याविषयीं वादच होता. अखेर १९०० सालीं मेरी हर्वी या विदुषीनें जुन्या कागदपत्रांच्या आधारें ते आठव्या हेन्रीच्या दरबारचा फ्रेंच वकील ज्याँ द दँतव्हील आणि त्याचा मित्र बिशप जॉर्ज द सेल्व्ह असल्याचें दाखवून दिलें.

या दँतव्हीलच्या टोपीवरही कवटीचें चिमुकलें पदक आहे. मृत्यूची ही खूण त्यानें स्वतःच्या मस्तकीं धारण केली होती, आणि तरीही तो ताठ उभा आहे.

इतिहास शिकवितांना आम्हांस हें चित्र वारंवार आठवतें. केवळ समोरून पाहणारा वैभवाला भुलतो. केवळ कडेनें पाहणाऱ्यास सारेंच व्यर्थ वाटतें. माणसें खरीं कळावयाचीं, तर दोन्ही जागीं उभें राहावें लागतें.