होस्टाच्या पानावरची शाई

आज ऊस नाही, हळद नाही. आपल्या कुणाच्याच बांधावर नसलेल्या एका झाडाचं लिहितोय. त्याचं नाव होस्टा. वाचून लगेच रोप शोधायला जाऊ नका. या झाडाला दरवर्षी कडक थंडीची झोप लागते. काही आठवडे पारा पाच अंशाच्या खाली राहिला तरच पुढं कोंब जोमानं फुटतो. आपल्या शिवारात त्याला ती झोप कुठली मिळणार.

विषय निघाला भाच्यामुळं. तो अमेरिकेत मिनेसोटात असतो. दारात सहा कुंड्यांत होस्टा लावलेत. जून महिन्यात फोटो आले, "मामा, पानांना काय झालंय बघ की." तीन कुंड्यांची पानं कडेनं करपलेली. चौथीचं पान पिवळसर सोनेरी, पण शिरांच्या बाजूनं हिरवा रंग पसरलेला, टीपकागदावर शाई फुटावी तसा. म्हणाला, "हे जरा वेगळंच आलंय, छान दिसतंय. गड्डा फोडून दोन-तीन कुंड्या करू का?"

करपल्याचं उत्तर सोपं होतं. कुंड्या पश्चिमेच्या भिंतीला, दुपारचं सगळं ऊन अंगावर. होस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनच्या डोंगर-रानातला, झाडाखाली, ओढ्याकाठी वाढणारा. त्याला सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारी सावली लागते. त्यातही फरक आहे. निळसर पानाच्या जातींवर मेणाचा थर असतो, उन्हात तो जातो आणि निळं पान साधं हिरवं होतं. सोनेरी पानाला थोडं ऊन मिळालं तर रंग खुलतो. चीनकडची पांढऱ्या सुवासिक फुलाची जात मात्र ऊन बऱ्यापैकी सोसते. कुंडीत पाणी लवकर आटतं म्हणून पान आधी कडेनं वाळतं. आणि थंडीत उलटं, कुंडीत पाणी साचलं की गड्डा सडतो. त्यामुळं कुंडीला खाली भोकं हवीतच.

हे सांगताना मी झाडाची जुनी हकीकत वाचत गेलो आणि त्यातच अडकलो.

जपानात याला गिबोशी म्हणतात. तिकडं पुलाच्या कठड्याच्या खांबावर कांद्याच्या आकाराचा कळस असतो, त्याचं ते नाव. फुलाचा दांडा कळीत असताना तसाच दिसतो. डोंगरातले लोक याचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात, त्या भाजीला उरुई म्हणतात. यामागाता भागातले शेतकरी थंडीत झाकून कोंब काढतात आणि बाजारात विकतात. म्हणजे आपण ज्याला शोभेचं झाड म्हणतोय ते तिथं पीक आहे. तिथल्या शहरी हौशी लोकांना वेड होतं ते रंगीत, पट्टेरी पानांचं. अशी झाडं कुंडीत जपायची, दाखवायची. 1829 साली नुसत्या पट्टेरी झाडांचा चित्रांसह ग्रंथ निघाला तिथं.

युरोपला याची ओळख डॉक्टरांनी करून दिली. त्या काळी जपाननं परदेशी लोकांना दार बंद केलेलं. युरोपातल्या फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देजिमा या लहानशा बेटावर राहायची मुभा. आपल्या वेंगुर्ल्याला जिची वखार होती तीच ही डच कंपनी. तिचा जर्मन डॉक्टर केंफर 1690 ला तिथं पोचला, त्यानं 1712 च्या पुस्तकात या झाडाची नोंद केली. पुढं 1775 ला स्वीडनचा थुनबर्ग आला, तोही डॉक्टरच. पण जिवंत झाडांचा मोठा साठा नेला तो सीबोल्टनं.

हा सीबोल्ट 1823 ला देजिमावर आला. जपानी वैद्यांना शिकवायचा आणि बदल्यात झाडं, बिया, माहिती गोळा करायचा. त्याच्याकडं जपानचे नकाशे सापडले. नकाशा परक्याला देणं तिथं मोठा गुन्हा. ज्या दरबारी ज्योतिषानं ते दिले तो कैदेतच मेला. सीबोल्टला 1829 मध्ये देशाबाहेर काढलं. तो झाडं घेऊन हॉलंडला गेला आणि पुढं लायडनला रोपवाटिका चालवली. मोठ्या निळ्या पानाच्या होस्टाला आज त्याचंच नाव आहे. ज्यानं नकाशा दिला त्याचं नाव कुठल्या पानाला नाही.

होस्टा हे नाव ऑस्ट्रियाच्या बादशहाचा वैद्य निकोलाउस होस्ट याच्यावरून 1812 ला पडलं. 1817 ला दुसऱ्यानं फुंकिया ठेवलं. शेवटी 1905 साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत होस्टा कायम झालं. जर्मन माळी अजून फुंकियाच म्हणतात.

आता मुद्द्यावर येतो. 1936 मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस विल्यम्स नावाच्या बाईंना कनेक्टिकटमधल्या एका रोपवाटिकेत निळ्या होस्टाच्या ओळीत एकच रोप पिवळ्या काठाचं दिसलं. त्यांनी ते नेलं, वाढवलं. आज ती जात त्यांच्याच नावानं जगभर आहे. अशा नजरेवरच हा सगळा धंदा उभा राहिला. वेगळं पान दिसलं की उचल, फोड, नाव दे, विक.

आणि याच नजरेनं घात केला. 1996 साली मिनेसोटाच्याच विद्यापीठात होस्टाचा एक विषाणू ओळखला गेला, होस्टा व्हायरस एक्स. शिरांलगत शाई फुटल्यासारखा रंग, ठिपके, पान चुरगळलेलं, ही त्याची लक्षणं. अशी रोगट रोपं नवी जात म्हणून नाव देऊन विकली गेली होती. ब्रेकआऊट, लेपर्ड फ्रॉग, लुनसी ही त्यातलीच नावं. लोकांनी जास्त पैसे मोजून रोग घरी नेला. हा विषाणू रसातून जातो. गड्डा कापायची सुरी, फुलाचे दांडे छाटायची कात्री, ओला हात, त्यातून पुढच्या झाडाला. काही झाडं तर वर्षं-वर्षं ठणठणीत दिसतात आणि आतून रोगी असतात. औषध नाही.

हॉलंडात 1630 च्या दशकात ट्यूलिपच्या ज्या पट्टेरी फुलांसाठी लोकांनी वाटेल ते पैसे मोजले, ते पट्टेही विषाणूचेच होते. ते कळायला 1920 चं दशक उजाडलं.

हसायला मला तोंड नाही. काही वर्षांमागं मी एकाकडून उसाचं बेणं आणलं. दोन महिन्यांत काही बेटांना असा फुटवा आला की बघत राहावं, एकेका बेटाला चाळीस-चाळीस. मी पावण्यांना प्लॉट दाखवत हिंडलो. पानं जरा पांढरट होती, म्हटलं लोह कमी असंल. एक तरुण कृषी पदवीधर बांधावर आला, एक बेट उपटलं आणि म्हणाला, "मामा, हा फुटवा नाही, गवताळ वाढ आहे." त्या बेटांना ऊस धरलाच नाही. वाईट याचं वाटलं की तोवर दोघा शेजाऱ्यांनी माझ्याकडं बेणं सांगून ठेवलेलं आणि मी हो म्हटलेलं. त्यांच्या घरी जाऊन नाही सांगताना मान खाली होती. तेव्हापासून बेणं उष्ण बाष्प प्रक्रिया केलेलं, बेणेमळ्यातलंच घेतो.

म्हणून भाच्याला म्हटलं, गड्ड्याला सुरी लावू नकोस, आधी तपास. तिकडं तपासायची पट्टी मिळते, पान चुरून द्रावणात टाकायचं आणि पट्टी बुडवायची. दोन रेघा आल्या. झाड मातीसकट पिशवीत बांधून कचऱ्यात दिलं. मग त्यानंच सांगितलं की एप्रिलमध्ये त्याच सुरीनं त्यानं अजून एक गड्डा फोडला होता, अर्धा शेजारच्या आजीबाईंना दिला. म्हटलं, आज संध्याकाळीच जा आणि सांग.

जाऊन आला. त्यांच्या पानावर अजून काही दिसत नाही. पण पट्टी आणायला सांगितलीय.