ट्रकच्या इंजिनातला विसरलेला फिल्टर

आजचा भाग तेलकट आहे, आणि थोडा माझ्या घरचाही आहे.

2016 चा उन्हाळा आठवतोय? 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. पण रेल्वे काही वाडी-तांड्यावर जात नाही. आमच्या रेणापूरकडे गावोगाव पाणी न्यायचे ते टँकर. त्यातला एक माझ्या काकांचा होता. दोन-तीन मालकांच्या हाताखालून आलेला जुना ट्रक, त्यावर टाकी चढवलेली.

ऐन मे महिन्यात इंजिननं मान टाकली. निळा धूर, ऑईल खाणं, प्रेशरचा काटा खाली. लाइनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं बदलावं लागलं. गाडी तीन आठवडे उभी, बँकेचा हप्ता मात्र चालू. गॅरेजवाल्या मिस्त्रींनी काढलेलं बेअरिंग माझ्या हातात दिलं. त्यावर बारीक ओरखडेच ओरखडे.

मी विचारलं, "मिस्त्री, फिल्टर तर होता की?"

ते म्हणाले, "लेका, फिल्टर खडे अडवतो. पीठ जातंच की त्यातून."

हे पीठ अडवायची सोय जगात कधी आली, हे मी नंतर शोधलं. आणि चक्रावलो. कारण ती सोय शंभर वर्षं जुनी आहे.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात ऑईल फिल्टर नव्हताच. फार तर जाळी असायची. ऑईल घाण झालं की ओतून द्यायचं. 1923 मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॉल्श यांनी 'प्युरोलेटर' आणला. 'प्युअर ऑईल लेटर' या शब्दांवरून ते नाव. 1924 च्या क्रायस्लर गाडीत तो बसला. हा फिल्टर बायपास पद्धतीचा होता. म्हणजे पंपाचं बहुतेक ऑईल थेट इंजिनात जायचं, आणि थोडं ऑईल बाजूच्या वाटेनं फिल्टरमधून गाळून परत चेंबरमध्ये यायचं.

थोडंच ऑईल गाळून काय उपयोग? हिशेब करू. समजा चेंबरमध्ये 15 लिटर ऑईल आहे आणि बाजूच्या वाटेनं मिनिटाला 2 लिटर जातंय. साडेसात मिनिटांत चेंबरभर ऑईल त्या वाटेनं गेलं. तासाला आठ वेळा. घाई नसल्यामुळे गाळणी खूप बारीक ठेवता येते. अमेरिकेतल्या 'फ्रँट्झ' फिल्टरमध्ये तर चक्क टॉयलेट पेपरचा रोल बसवायचे!

पण या पद्धतीत एक धोका होता. मोठा कण आला आणि तो थेट बेअरिंगकडे गेला, तर? म्हणून पुढे फुल-फ्लो फिल्टर रूढ झाला. सगळं ऑईल आधी फिल्टरमधून, मग इंजिनात. मोठे कण अडले, पण गाळणी जाड ठेवावी लागली, नाहीतर इंजिनला ऑईल पुरणार नाही. त्याच काळात ऑईलही सुधारलं. 1935 मध्ये कॅटरपिलर आणि स्टँडर्ड ऑईल ऑफ कॅलिफोर्निया यांनी डिझेल इंजिनांसाठी डिटर्जंट असलेलं ऑईल बाजारात आणलं. असं ऑईल काजळी पोटात धरून ठेवतं, म्हणून तर ते काळं दिसतं. मग सोपा मार्ग ठरला: एक स्वस्त फुल-फ्लो फिल्टर लावा आणि ठरावीक किलोमीटरला ऑईल बदला.

बायपास मात्र संपला नाही. 1962 मध्ये किर्लोस्कर आणि कमिन्स यांची भागीदारी झाली आणि पुण्यात कोथरूडला मोठी डिझेल इंजिनं बनू लागली. कमिन्सच्या एनटी मालिकेच्या इंजिनांवर फुल-फ्लोच्या जोडीला बायपास फिल्टरचा वेगळा डबा असायचा. ही इंजिनं डोझरमध्ये, जनरेटरमध्ये चालायची. व्होल्वोच्या मोठ्या ट्रकमध्ये आजही दोन फुल-फ्लो आणि एक बायपास फिल्टर येतो.

बारीक गाळल्यानं फरक किती पडतो? 1988 मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिनिअरांनी ऑईलमध्ये मुद्दाम धूळ मिसळून चाचण्या केल्या. 40 मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत 30 मायक्रॉनच्या फिल्टरनं झीज निम्म्यावर आली, आणि 15 मायक्रॉनच्या फिल्टरनं 70 टक्क्यांनी कमी झाली. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हे कण डोळ्यांना दिसतही नाहीत. पुढे 2002 पासून अमेरिकेतल्या आयडाहोच्या सरकारी प्रयोगशाळेनं आपल्या आठ डिझेल बसना बायपास फिल्टर लावले. दर 12,000 मैलांना ऑईल बदलण्याऐवजी ते तपासायचं. बहुतेक वेळा ते चांगलंच निघालं आणि तेच पुढे वापरलं.

मग काकांच्या ट्रकला असा फिल्टर का नव्हता? मला वाटतं, उत्तर मालकीत आहे. खाणीतलं इंजिन शेवटपर्यंत एकाच कंपनीकडे राहतं. झीज तिचीच, म्हणून फिल्टरचा खर्चही ती करते. ट्रकचं तसं नाही. पहिला मालक काही वर्षं चालवून विकतो. झीज दिसते ती तिसऱ्या-चौथ्या मालकाला, आणि तो असतो आमच्या काकांसारखा, कर्ज काढून जुनी गाडी घेणारा. बारीक फिल्टरचे पैसे ज्यानं सुरुवातीला घालायचे, त्याला फायदा नाही. ज्याला फायदा, त्याच्या हाती गाडी येईपर्यंत उशीर झालेला.

आता लगेच ऑनलाइन फिल्टर मागवू नका. तीन गोष्टी ऐका. एक, धूळ मुळात हवेच्या वाटेनं येते. एअर फिल्टर फाटलेला किंवा होजची क्लिप ढिली असेल, तर कुठलाही ऑईल फिल्टर इंजिन वाचवणार नाही. दोन, फिल्टर कचरा काढतो, पण ऑईलमधली संपलेली रसायनं परत आणत नाही. म्हणून लॅबमध्ये ऑईल तपासल्याशिवाय बदलायचं अंतर वाढवू नका. तीन, नेहमीच्या फिल्टरमध्ये 'बायपास व्हॉल्व्ह' असतो, तो वेगळा. फिल्टर तुंबला की तो उघडतो आणि न गाळलेलं ऑईल इंजिनात सोडतो. नाव सारखं, काम उलटं.

काकांनी नंतर घेतलेली गाडीसुद्धा जुनीच आहे. बायपास फिल्टर अजून लावलेला नाही. पण इंजिन चालू करायच्या आधी ते रोज एअर फिल्टरच्या होजवरून हात फिरवतात आणि क्लिप आवळून बघतात. परवा मी ऑईलचा नमुना घ्यायला बाटली दिली तर म्हणाले, "आता गाडीचं पण रक्त तपासायचं का रे?"

हो काका, तपासायचं. रिपोर्ट आला की सांगतोच. भेटू पुढच्या भागात!