रॉयल स्ट्रीटवरील न्याहारी

‘डिनर ॲट अँटवान्स’ ही कॅथलिक लेखिका फ्रान्सिस पार्किन्सन कीज यांची कादंबरी १९४८ साली गाजली, तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या ओवेन ब्रेनन यांनी आपल्या उपाहारगृहात न्याहारीचाच सोहळा मांडला. १९५१ पासून रममध्ये पेटवलेली केळीही तेथे मिळू लागली. रॉयल स्ट्रीटवरील जुन्या वाड्यात जाण्याच्या तयारीत असतानाच, १९५५ साली, ओवेन वारले. १९५६ साली कुटुंबीयांनी तेथे दार उघडले.

हा वाडा १७९५ चा. बुद्धिबळात एकविसाव्या वर्षी युरोप जिंकणारा पॉल मॉर्फी येथेच राहिला. खेळ त्याने लवकरच सोडला. केळ्यांच्या ज्वाळेपुढे त्याचे स्मरण मंदावते, याची आम्हांस खंत वाटते. १८८४ साली याच घरात, स्नान करताना, त्याने प्राण सोडला. सेंट लुईस दफनभूमीत तो विसावला आहे.